रात्रीचं पाणी आणि स्कूटरचा पुढचा दिवा



गळीत हंगाम लागला की आपल्या भागातले रस्ते रात्रंदिवस वाहते राहतात. उसाने भरलेल्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या गव्हाणीकडे निघालेल्या असतात, आणि त्याच रस्त्याने उलट बाजूला सभासद मळ्याकडे चाललेला असतो. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात दारं धरायला मध्यरात्री उठावं लागतं, हे काही आम्ही तुम्हाला सांगायला नको. खोरे पायाजवळ आडवे टाकायचे, मफलर कानाला, बॅटरी खिशात आणि स्कूटरला किक. पाणंद लागेपर्यंत तीन-चार किलोमीटर डांबरी रस्ता. एवढ्या अंतरात आपला सारा भरवसा ज्याच्यावर असतो त्या स्कूटरच्या पुढच्या दिव्याविषयी या अंकात लिहायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. आम्हालाही तसाच वाटत होता.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची जुनी चेतक आहे. पैसे भरून, नंबर लावून, काही वर्षे वाट पाहून मिळालेली. इंजिन अजून ठणठणीत, पण दिवा म्हणजे देव्हाऱ्यातली समई. गेल्या हंगामात एका रात्री मळ्याकडे जाताना रस्त्याकडेला टायर फुटून उभी राहिलेली उसाची ट्रॉली आम्हाला दिसली ती अगदी दहा-बारा हातांवर आल्यावर. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. ब्रेक दाबला, गाडी घसरून आडवी झाली, गुडघा सोलवटला. मान वर करून पाहिले तर बाहेर आलेले उसाचे शेंडे तोंडापासून हातभर अंतरावर होते. त्या रात्री उसाला पाणी पाजून झालं, पण अंगाचा कापरा काही गेला नाही.

दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन आम्ही पांढराशुभ्र एलईडी दिवा घेतला. दुकानातल्या पोराने सोबत रेक्टिफायर आणि बारकी बॅटरी जोडून दिली. संध्याकाळी दिवा लावून पाहिला तर समोरच्या घराची कौलेसुद्धा मोजता येत होती. गल्लीतली पोरे जमली. आम्हीही खूश.

आठवडाभरात काय झाले ते ऐका. कालव्याच्या अरुंद पुलावर समोरून आमच्याच वाडीतले एक थोरले सभासद लूनावरून येत होते. आमचा दिवा त्यांच्या डोळ्यांवर पडला, त्यांना रस्त्याची कड दिसेना, आणि ते लूनासकट पुलाच्या अलीकडच्या चरीत गेले. आम्ही धावत जाऊन त्यांना उठवले. ते काय म्हणाले ते आमच्या कानात अजून आहे.

"आरं बाबा, ह्यो दिवा तुला दिसावं म्हणून हाय, का मला आंधळा करायला?"

मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर, तेही ऐन तोडणीत. त्यांच्या प्लॉटला तोड आली तेव्हा टोळीमागे आम्ही उभे राहिलो. तेवढे करणे भागच होते. पण आठ दिवसांत आम्ही अंधाराचेही धनी झालो आणि उजेडाचेही गुन्हेगार झालो, याचा उलगडा झाल्याशिवाय चैन पडेना. म्हणून गाडी घेऊन कोल्हापूरला उद्यमनगर गाठले. तिथले एक जुने मिस्त्री आमच्या ओळखीचे. ऑइल इंजिनापासून स्कूटरपर्यंत सगळ्यात हात चाललेला माणूस.

गाडी पाहून मिस्त्री हसले. "मालक, बल्ब बदलून आलासा व्हय? उजेड बल्बात नसतो. आदी करंट किती पोचतोय ते बगा, मग तो उजेड पडतोय कुठं ते बगा."

त्या दोन वाक्यांत सगळा विषय आला. पण तो नीट कळावा म्हणून जरा मागे जायला हवे.

आपल्याकडची जुनी स्कूटर ही मूळ इटलीची. पिआजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा काढली तेव्हा तिचा दिवा हँडलवर नव्हता, पुढच्या मडगार्डवर बसवलेला होता. तो हँडलवर आला नंतर. १९६० च्या सुमारास पुण्याच्या बजाजने पिआजिओच्या परवान्यावर ही गाडी इथे बांधायला घेतली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव. पुढे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीत साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली, तिथून प्रिया निघू लागली. बजाजने २००९ साली स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले, आणि २०२० मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला लावून पुन्हा बाजारात आणले. त्या नव्या गाडीला एलईडी दिवा कारखान्यातूनच बसून येतो, तिचा प्रश्न वेगळा. आपण बोलतोय ते खेडोपाडी अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांबद्दल.

या जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांत दिव्याला करंट येतो तो मॅग्नेटमधून. इंजिन फिरते तसे मॅग्नेटचे चाक फिरते आणि आतल्या कॉईलमध्ये वीज तयार होते. बॅटरीचा आधार नाही. म्हणून ॲक्सिलरेटर पिळला की उजेड वाढतो, आणि वळणावर, खड्ड्यापाशी, म्हणजे नेमका जिथे उजेड हवा तिथे गाडी हळू केली की दिवा मिणमिणतो. आणखी एक गोष्ट जुन्या सभासदांच्या अनुभवातली असेल. मागचा बल्ब उडाला की थोड्याच वेळात पुढचाही उडतो. कारण तिथे करंट आवरणारा रेग्युलेटर नसतो. सगळ्या बल्बांची बेरीज धरूनच कॉईल बनवलेली असते. एकाने अंग काढले की त्याचा वाटा दुसऱ्याच्या डोक्यावर येतो.

अशा गाडीत पंचवीस वॅटच्या जागी पस्तीस वॅटचा बल्ब लावला तर उजेड वाढेल असे कोणालाही वाटेल. आम्ही मिस्त्रींना तेच विचारले. त्यांनी आमच्याच भाषेत उत्तर दिले.

"तीन एचपीच्या मोटरीवर धा स्प्रिंकलर चालत्यात. तुमी पंदरा लावलासा, तर पाणी जास्त पडंल का दाब बसंल?"

दाब बसतो. दिव्याचेही तसेच. कॉईल तेवढीच, बल्ब मोठा, मग व्होल्ट खाली येतात. आणि तारेच्या बल्बाचा एक खोडसाळ गुण असा की व्होल्ट थोडे कमी झाले तर उजेड थोडा कमी होत नाही, पुष्कळ कमी होतो. दाब दहा टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मिस्त्रींनी आमच्या गाडीत मूळचा बल्ब परत लावला, इंजिन पळवले आणि मीटर लावला. कॉईलपाशी सव्वासहा व्होल्ट होते, बल्बपाशी पावणेपाच. दीड व्होल्ट वाटेत गळत होते, म्हणजे बल्ब आपल्या ताकदीच्या निम्म्याहून कमी उजेड देत होता. आणि दोष आम्ही बल्बाला देत होतो!

ही गळती कुठे होती? पहिली अर्थिंगला. दिव्याच्या पत्र्यावर रंग चढलेला, स्क्रूला गंज. दुसरी हँडलवरच्या स्विचमध्ये. आतले पितळ काळे पडलेले. तिसरी इंजिनाजवळच्या जोडणीच्या डबीत, तिथे तारेचे निम्मे तंतू तुटून लोंबत होते. मिस्त्रींनी स्विच खोलून पॉलिश पेपरने घासला, तारांची टोके नवी केली, आणि दिव्याच्या अर्थिंगपासून थेट इंजिनापर्यंत एक जाड तार वेगळी ओढली. पुन्हा मीटर लावला तेव्हा बल्बपाशी सहाला किंचित कमी व्होल्ट आले. खर्च नव्या दिव्याच्या निम्म्यानेही नाही.

मग काच उघडली. काचेमागची वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, चंदेरी असायला हवी ती तपकिरी झाली होती. काचेचे रबर कुजून गेलेले, त्यामुळे धूळ, ओल आणि हंगामात आपल्या गावांवर उतरते ती बगॅसची काजळी आत साचलेली. इथे सभासदांनी एक चूक करू नये, जी आम्ही पूर्वी केली होती. वाटी राखेने किंवा फडक्याने घासायची नाही. तिच्यावरचा चकाकणारा थर अगदी पातळ असतो. एकदा ओरखडला की गेला. काळी पडलेली वाटी बदलायचीच, आणि नव्याबरोबर रबरही नवे घालायचे. काचेवरच्या उभ्या रेघा शोभेच्या नाहीत. उजेड रस्त्यावर आडवा पसरवण्याचे काम त्या करतात. फुटक्या काचेच्या जागी साधी काच कापून बसवलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांचा उजेड मधे एक ठिपका आणि दोन्ही बाजूंना अंधार.

आता आमच्या त्या एलईडीकडे येऊ. तो दिवा वाईट होता असे नाही. त्याला ज्या घरात बसवले ते घर त्याचे नव्हते. जुन्या दिव्याची वाटी तारेच्या बल्बासाठी घडवलेली असते. बल्बातली बारीक तार वाटीच्या नेमक्या बिंदूवर असते, आणि डिपरची तार त्यापासून थोडी सरकवलेली, म्हणून डिपर मारला की उजेड खाली वळतो. एलईडीचे चमकते ठिपके त्या बिंदूवर बसत नाहीत. मग वाटी उजेड रस्त्यावर न टाकता चहूकडे उधळते. अपर आणि डिपर यांत फरक उरत नाही. आम्हाला कौले दिसली ती यामुळेच. रस्त्यावर पडायचा उजेड कौलांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत चालला होता. शिवाय एलईडीला सरळ करंट लागतो. मॅग्नेटचा करंट उलटसुलट असतो, म्हणून रेक्टिफायरविना जोडला तर तो फडफडतो.

डोळ्याचेही थोडे सांगतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, आणि झगझगाटाने दिपलेला डोळा सावरायलाही त्याला जास्त वेळ लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पाच सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली तर पंचावन्न मीटर आंधळ्याने चालवल्यासारखे. आमचे थोरले सभासद वीसच्याच वेगाने येत होते म्हणून मनगटावर निभावले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ याचसाठी आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, उजव्या बाजूला अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला दिपवील असा दिवा चालत नाही, असे तो सांगतो. दीड मीटर म्हणजे लूनावर बसलेल्या माणसाचे डोळेच की! आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालूच राहतो. तेव्हा तोंड वर करून बसवलेला दिवा दुपारीसुद्धा लोकांना छळतो.

दिव्याचे तोंड बघायला मिस्त्री लागत नाही. आम्ही आता घरच्या गोठ्याच्या भिंतीवर करतो. चाकांत हवा बरोबर भरायची. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करायची आणि एकाने सीटवर बसायचे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला खडूने आडवी रेघ ओढायची, आणि तिच्याखाली मूठभर, म्हणजे १० सेंटीमीटरवर, दुसरी रेघ. डिपर लावून इंजिन जरा पळवायचे. उजेडाचा जो दाट भाग आहे त्याची वरची कड खालच्या रेघेला टेकली पाहिजे. नसेल तर दिव्याचा स्क्रू सैल करून तोंड वरखाली करायचे. पाच मीटरला दहा सेंटीमीटर उतार, म्हणजे तीन फूट उंचीवरचा उजेड साधारण ४५ मीटरवर जमिनीला लागतो.

हा ४५ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ताशी ४० च्या वेगात समोर काही दिसले, की ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंदात १६-१७ मीटर जातात. मग कोरड्या डांबरावर, ब्रेक चांगले असतील तर, गाडी थांबायला आणखी पंधरा. म्हणजे बत्तीस मीटर. डिपरमध्ये हे बसते. ताशी ६० ला हेच अंतर साठ मीटरच्या आसपास जाते. मग दिवा कितीही चांगला असला तरी ट्रॉली दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आमच्या मिणमिणत्या दिव्याला पंधरा मीटरपुढचे काही दिसत नव्हते आणि आम्ही चाळीसने चाललो होतो. पडलो यात नवल नव्हते, गुडघ्यावर भागले हे नवल.

इतके करूनही ज्यांना जास्त उजेड हवा त्यांच्यासाठी बारा व्होल्टची वाट आहे. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्या बारा व्होल्टच्या होत्या, त्यांची कॉईल प्लेट जुन्या गाडीवर बसवून देणारे कारागीर उद्यमनगरात आहेत. यात फायदा असा. पंचवीस वॅटच्या बल्बाला सहा व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर करंट लागतो, बारावर सुमारे २. तार तीच, गंज तोच, पण गळतीचा फटका चौथाईवर येतो. वर रेग्युलेटर असल्याने बल्ब उडत नाहीत आणि पस्तीस वॅटचा हॅलोजन सुखाने चालतो. मात्र अर्धवट काम करून घेऊ नका. मॅग्नेटचे चाक क्रँकच्या टेपरवर नीट बसते का हे आधी पाहायचे, आणि सगळे बल्ब व हॉर्नही बारा व्होल्टचे घालायचे. साठ-सत्तर वॅटचा बल्ब मात्र कोणी फुकट दिला तरी लावू नये. वाटी भाजून तपकिरी होते, होल्डर वितळतो, तारा जळतात. एलईडीच हवा असेल तर एलईडीसाठीच घडवलेला, स्वतःच्या भिंगासह येणारा संपूर्ण दिवा घ्यावा, नुसता बल्ब नव्हे. आणि भिंतीवरची परीक्षा त्यालाही द्यायला लावावी.

रंगाविषयी वाद ऐकू येतात. जानेवारीत नदीकाठच्या मळीत धुके उतरते तेव्हा पिवळा दिवा बरा, असे पुष्कळ जण म्हणतात. खरे म्हणजे धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. डिपर लावून तोंड खाली ठेवणे आणि वेग मारणे एवढेच उपयोगी. अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

शेवटी थोडे आपल्या ट्रॉल्यांबद्दल, कारण त्याही आपल्यातल्याच कोणाच्या तरी असतात. पूर्वी बैलगाडीच्या कण्याला कंदील टांगलेला असे. कोसभरावरून गाडी ओळखू यायची. आता रिफ्लेक्टरच्या लाल पट्ट्या आहेत. ही पट्टी पडलेला उजेड ज्याचा त्याला परत पाठवते, त्यामुळे पंचवीस वॅटच्या साध्या दिव्यातही ती शंभर मीटरवरून चमकते. पण तिच्यावर चिखल बसला, किंवा लोंबता ऊस तिच्यावर आला, की ती असून नसल्यासारखी. वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत ड्रायव्हरला किंवा गाडीवानाला वेळ असतोच. ओल्या फडक्याने पट्टी पुसायला एक मिनिट लागते. बंद पडलेल्या ट्रॉलीमागे नुसता दगड ठेवून जाण्यापेक्षा पन्नास-साठ पावले मागे पाल्याची हिरवी जुडी आणि तिथे एखादा माणूस बॅटरी घेऊन उभा करावा.

आमच्या चेतकला तूर्त सहा व्होल्टच आहेत. नवी वाटी, नवे रबर, साफ अर्थिंग आणि मूळचाच पंचवीस वॅटचा बल्ब. थोरल्या सभासदांचे प्लॅस्टर निघाले, हात अजून थंडीत ठणकतो म्हणतात. गेल्या महिन्यात ते स्वतः लूना घेऊन आमच्या गोठ्यापाशी आले आणि म्हणाले, "माझा बी दिवा बग जरा, कुनाला लागत असंल." भिंतीसमोर लावून पाहिला तर त्यांचाच दिवा चार बोटे वर होता! दोघेही हसलो आणि स्क्रू पिळला.

भिंतीवरच्या रेघा आम्ही आता खडूच्या जागी चुन्याने ओढून ठेवल्या आहेत. जवळपासच्या कोणा सभासदाला दिवा तपासायचा असेल तर अंधार पडल्यावर खुशाल यावे. मात्र नेहमी मागे कोणी बसत असेल तर त्यालाही सोबत आणावे. मागच्या सीटवर वजन पडले की गाडीचे तोंड वर होते, आणि एकट्याने जुळवलेला दिवा बायको-पोराला घेऊन निघालात की थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.